मियानी

भाऊ,
तुमची पँट अजून खिळ्यावर आहे.
पावती नंबर एकशे सोळा, काटकुंभ.
उजव्या गुडघ्याला बोटभर फाटलेली.
संध्याकाळी येतो म्हणालात,
आणि दोर, हेल्मेटं, हसणारी पोरं घेऊन
तुमची जीप कड्याकडे गेली.
त्या संध्याकाळीला आता दीड वर्ष झालं.

गुडघा मी त्याच दुपारी शिवला.
खिशात पांढरी पूड निघाली.
बायको म्हणाली चुना, पोरगा म्हणाला कॅरमची पावडर.
मी जिभेला लावून पाहिली,
कशाचीच चव नव्हती.

मग एक दिवस सोनकली जांभेकर आली,
आमच्या बीटची वनरक्षक.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली सरकारी खाकी
काउंटरवर ठेवली आणि बाहेर बघत राहिली.
"फाटते."
"कुठी?"
"तठीच. दगडावर पाय टाकला का फाटते.
तीनदा शिवून झाली, मास्तर.
गस्तीले निंगालो का मी सगळ्याइच्या मांगं चालतो.
तुमी व्हा पुढं, म्हनतो."

चाळीस वर्षं शिवतोय मी.
आसन कमी पडलं तर चाळीस वर्षं
गिऱ्हाइकालाच सांगत आलो,
जरा बेतानं बसत जा.

त्या रात्री तुमची पँट खिळ्यावरून काढली.
माफ करा, ब्लेडनं उसवली,
टाका टाका मोजत.
गुडघ्याला दुहेरी कापड, वर दोन चुण्या,
म्हणजे गुडघ्याच्या आधीच कापड वाकलेलं.
आणि चारी शिवणी जिथं एकमेकींशी भांडतात
तिथं पतंगासारखा एक तुकडा.
मी एवढ्यानं हसलो की बायको उठून बसली.

ही तर मियानी!
माझा बाप प्रत्येक लेंग्याला लावायचा,
उरल्यासुरल्या चिंधीतून, तळहाताएवढी.
तो लेंगा घालून माणसं झाडावर चढत,
चालत्या बैलगाडीवर टांग टाकत,
उकिडवी बसून तास तास बोलत.
मग टेरिकॉट आलं, आणि नवा नवा शिकलेला मी
बापाला म्हणालो, हे जोडकाम खेडवळ दिसतं.
तो काही बोलला नाही.
कात्रीला तेल घालत राहिला.

सोनकलीचं माप मी घेतलं नाही.
पडद्यामागं तिनंच टेप धरली, आकडे सांगितले.
आसनाच्या आकड्याला आवाज बारीक झाला,
तर बायको बाहेरून ओरडली, "कित्ती वं?"
आणि तिघंही हसलो.

कापड परतवाड्याहून आणलं,
खाकीच, पण पोत्यासारखं चिवट.
गुडघ्याला दोन थर दिले.
घाणेरीच्या काट्याला गणवेश कळत नाही.

न्यायला आली तेव्हा तिनं घालून पाहिली
आणि पाय उचलून थेट काउंटरवर ठेवला.
अख्खा बाजार बघत होता.
शिवण बोलली नाही.

आता सुट्टीच्या दिवशीही तसलीच दुसरी घालून
ती तूरडाळ घ्यायला येते.
तिचं पाहून वायरमन आला.
मग मोहोळ काढणारा बाबूलाल बेठेकर,
ज्यानं जन्मात कोणाला माप दिलं नव्हतं.
मग, खरं सांगायचं तर, मी.

मी कुठं चढत नाही.
दुकानाला पायरी एक, तीही मोडकी.
पण परवा सुई खाली पडली
आणि मांडीवरचं कापड वर न ओढता
मी सरळ उकिडवा बसलो.
सुई लगेच सापडली.
तरी जरा वेळ तिथंच बसून राहिलो.

तुमची पुन्हा जोडून ठेवली आहे, होती तशी.
फक्त मियानीला त्या रंगाचा धागा
माझ्याकडे नव्हता, निळा लावलाय.
कड्यावर खालून कोणाला दिसला
तर सांगा, काटकुंभचा आहे.
गुडघ्याचे तीस रुपये.
उसवल्याचे काही नाही.